रंगाचा नमुना

पुण्याच्या जाहिरातवाल्या ऋता मॅडमना आमच्या दुकानातल्या साड्यांच्या जाहिरातीसाठी "मातीतली, सावळी मुलगी" पाहिजे होती. मी त्याच दुकानात कामाला, रंगानं काळी. मालकांनी मलाच कागलजवळच्या उसात शूटिंगला पाठवलं. मला वाटलं, नशीब उघडलं.

तिथं खुर्चीवर मुंबईची गोरीपान मॉडेल बसलेली. मला तिच्याशेजारी उभं केलं आणि मेकअपवाला माझ्या हाताकडं बघत बघत तिच्या तोंडाला तपकिरी रंग फासायला लागला. भिंत रंगवताना नमुन्याची पट्टी धरतात, तशी मी!

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, मीच उभी राहिले तर? रंग तरी वाचंल की!"

"अगं, कॅमेऱ्यात तू खरी वाटणार नाहीस," मॅडम गोड हसल्या. "आणि कलाकाराला एवढं स्वातंत्र्य हवंच ना?"

व्हय की! स्वातंत्र्य त्यांचं, हात माझा.

दिवाळीला दसरा चौकात हे एवढं मोठं होर्डिंग लागलं. वर लिहिलेलं, "आमचा रंग, आमचा अभिमान." मी आईला मुद्दाम दाखवायला नेलं. माझा हात होर्डिंगसमोर धरून ताडून बघितला. रंग तंतोतंत जुळत होता.

आई मान वर करून बघतच राहिली. "काय रूप हाय गं पोरीचं! काळा रंग असावा तर असा."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "रविवारी तुला बघायला पावणं येणार हाईत. आजपासनं तोंडाला साय-हळद लाव."