आजीचे संवाद मीच वेचले

मी एक जुना प्रोग्राम आहे. हो, जुना! हा शब्द उच्चारताना मी आवाज खाली करत नाही. मित्रांनो, मला रंगीत बटणे नाहीत की गोंडस चित्र नाही. काळ्या पडद्यावर एका ओळीचा हुकूम लिहायचा, की मी कामाला लागतो. फाईल कितीही मोठी असो; 'इथून उचल, तिथे थांब' एवढे सांगा, मधला मजकूर मी अचूक काढून देतो. मूळ फाईलला धक्काही लावत नाही.

मला घडवले तेव्हा संगणकाची स्मरणशक्ती चिमूटभर होती. म्हणून मी अख्खी फाईल एकदम पोटात घेत नाही. ओळीमागून ओळ वाचत पुढे सरकतो. तरुणपणी माझे केवढे कौतुक झाले! मग देखणे प्रोग्राम आले आणि मला कुणी विचारेनासे झाले. शेवटी एका नाट्यगृहात, दिव्यांच्या खोलीतल्या संगणकात मी पडून राहिलो. "ती अडगळ पुसून टाका," असे व्यवस्थापक येता-जाता म्हणत. पण तिथे दिवे सांभाळणारी बाई त्यांना दाद देत नसे.

तिची मावशी त्याच नाट्यगृहातल्या नव्या नाटकात आजी होणार होती. उभा जन्म रंगभूमीवर काढलेली बाई, पण आता नजर अधू झालेली. त्यातून लेखकमहाशय रोज संवाद बदलत. बारीक अक्षरांच्या गठ्ठ्यात आपली वाक्ये शोधताना मावशींच्या डोळ्यांना धार लागे.

एकदा दिग्दर्शक म्हणाले, "मावशी, आता पुरे. तुम्ही घरी आराम करा. मी दुसरी आजी बघतो."

"नजर गेलीय, जीभ नाही गेली माझी!" मावशी कडाडल्या. "रंगीत तालमीपर्यंत थांबा. तेव्हा अडखळले, तर आपल्या पायांनी जाईन."

भाचीने मला कामाला जुंपले. 'आजी' हा शब्द दिसला की तिथून उचल, रिकामी ओळ आली की थांब, असा हुकूम दिला. मी तसेच केले. पात्रांची नावे गाळून ठसठशीत अक्षरांत पाने छापली गेली. तालमीत मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आजी, मला भूक लागली!"

सगळे पोट धरून हसले. ते वाक्य नातीचे होते. दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला. "तरी मी सांगत होतो, टाका पुसून," व्यवस्थापक म्हणाले.

मित्रांनो, माझे काय चुकले? नातीच्या तोंडीही 'आजी' होतीच! मला जे सांगितले, ते मी केले.

भाचीचा चेहरा एवढासा झाला. "मावशी, माझाच हुकूम ढिला होता गं."

"मग आवळ की! रडतेस काय?"

भाचीने हुकूम आवळला. ओळीच्या आरंभी 'आजी' आणि तिच्यापुढे दोन टिंबे असतील, म्हणजे बोलणारी आजीच असेल, तरच तो संवाद उचल; त्याच्या आधीचाही सोबत दे, म्हणजे कधी बोलायचे ते मावशींना कळेल. मग माझ्याकडून एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

रंगीत तालमीच्या सकाळी लेखकांनी शेवटचा प्रवेशच बदलला. नवी पाने सगळ्यांना मिळाली, पण रंगभूषेच्या गडबडीत ती कुणी उघडलीच नाहीत. भाचीने मात्र नवी फाईल माझ्यापुढे टाकली. मावशी पाने नाकाशी धरून पुटपुटत बसल्या.

शेवटच्या प्रवेशात नायक जुनेच वाक्य बोलला. मावशींनी नवे उत्तर दिले. तो गोंधळून त्यांच्याकडे बघू लागला.

"थांबा!" दिग्दर्शक ओरडले. "मावशी, हे कुठलं वाक्य?"

"आज सकाळचं. आणि बाळा, तुझंही बदललंय," म्हणत त्यांनी नायकाचे नवे वाक्यही म्हणून दाखवले.

मागच्या रांगेतून लेखक उभे राहिले. "त्या एकट्याच बरोबर आहेत हो!"

दिग्दर्शकांनी घसा खाकरला. "मावशी, उद्या प्रयोगाला वेळेवर या."

"मी कधी उशिरा आले?"

हल्ली व्यवस्थापक पाहुण्यांपुढे मला मिरवतात. मिरवू देत. मित्रांनो, माझी कीव करू नका, मला काचेच्या कपाटातही ठेवू नका. कुणाला जुना म्हणून बाजूला सारण्याआधी त्याला एकदा काम सांगून पाहा, आणि ते नीट सांगा. तरीही मला पुसायचे असेल, तर खुशाल पुसा. मी हात जोडणार नाही. लेखकांनी आणखी एक प्रवेश बदलून पाठवला आहे. सरका बाजूला, मला कामे आहेत!