नमुन्यातला दोष

लांब मेजावर पांढरं कापड, कापडावर मखमलीचं ताट, ताटात पाच नवी घड्याळं. मेजाच्या अलीकडे परीक्षक, पलीकडे कंपनीची बाई. प्रत्येकाला वीस मिनिटं. पातळ मोजे घालून घड्याळ उचलायचं, मनगटावर चढवायचं, चावी पिळायची, तबकडीभोवतीचं कडं फिरवायचं, वहीत चार शब्द टिपायचे आणि ताट पुढच्याकडे सरकवायचं.

दादाला तेवढी एक सूट होती. उजव्या हाताचा मोजा तो काढून ठेवत असे आणि कुणी हरकत घेत नसे. संपादकापासून बहिणीच्या नवऱ्यापर्यंत सगळे त्याला दादाच म्हणत. पंधरा वर्षं दुरुस्तीच्या दुकानात भिंग डोळ्याला लावून बसलेला माणूस, पुढची बारा वर्षं मासिकात ‘हातात घेतल्यावर’ हे सदर लिहिणारा. कोणत्या घड्याळाचं पोट भरलेलं आणि कोणतं नुसतं नटलेलं, हे त्याच्या अंगठ्याला आणि तर्जनीला कळतं, असं लोक म्हणत. तोही तसं मानत आला होता.

पहिलं घड्याळ हलकं, पिसासारखं. हातावर आहे की गळून पडलं हे वाकून बघावं लागेल असं. दुसरं धावणाऱ्यांसाठीचं, कडेला दोन कळा, एक कडक आणि एक मऊ, एकाच आईच्या दोन लेकी. तिसरं काळंभोर, गुळगुळीत, बोट लागलं की ठसा दाखवणारं. शेजारी टकलू बसला होता, दुसऱ्या मासिकाचा. त्याने ते काळं घड्याळ कानाशी नेलं आणि म्हणाला, “तीनशे मीटर खोल चालेल म्हणे. मी आयुष्यात बादलीच्या पुढे पाण्यात गेलो नाही, पण हमी मात्र माझ्याच सहीने जाणार.” सगळे हसले. दादाच्या ओठांना ते जमलं नाही.

चौथं घड्याळ त्याने ओळखलं. गेल्या वर्षीचंच होतं ते, पाणबुड्यांसाठीचं. तबकडी तेवढी काळ्याची निळी केली होती. त्याने कड्याला अंगठा लावला आणि डावीकडे फिरवलं. गोड आवाज, एकेक खटका मोजून घ्यावा असा. मग त्याने ते उजवीकडे दाबलं. तिथे ते भिंतीसारखं थांबायला हवं होतं. ते एका मिनिटाचं एक घर सरकलं.

हे कडं फिरवायची रीत साधी असते. पाण्यात उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. पुढे काटा खुणेपासून जितका लांब, तितकी मिनिटं पाण्यात गेली. म्हणून कडं डावीकडेच फिरतं. धक्का बसून सरकलं तर गेलेली मिनिटं जास्त दिसावीत, माणूस लवकर वर यावा. उजवीकडे सरकलं तर मिनिटं कमी दिसतात, आणि पाणी काही घड्याळ बघून माणसाला सोडत नाही.

“एक घर मागे येतंय,” दादा म्हणाला.

“नमुना आहे हा,” बाई हसून म्हणाली. “विक्रीच्या मालात नसेल.”

गेल्या वर्षी याच मेजाशी, याच बाईने, याच हसण्याने हेच सांगितलं होतं. या धंद्यातला तो न लिहिलेला नियमच होता. मेजावर येतो तो नमुना, घाईने जुळवलेला. त्याची रेघ, त्याचं डगडगणं लिहायचं नसतं. घरी पाहुणे आले आणि आतल्या खोलीत पसारा दिसला तर आपण काय तो गावभर सांगत सुटतो? तसंच ते. दादाने बारा वर्षं हा नियम पाळला होता आणि त्याला तो सभ्यपणा वाटत होता. गेल्या वर्षीही त्याने खटका मागे आलेला लिहिला नाही. लिहिलं ते असं: कडं लोण्यासारखं फिरतं, बोटाला एकदाही शंका येत नाही.

बहिणीचा नवरा पाणबुड्या. धरणाच्या दरवाज्यांपाशी तीस मीटर खाली उतरून गाळ काढायचा, जाळ्या मोकळ्या करायच्या हे त्याचं काम. त्याने तो लेख वाचला, वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि ते घड्याळ घेतलं. म्हणाला, “दादांच्या बोटाने पास केलंय, आता मला बघायची गरज नाही.”

तिसऱ्या महिन्यात तो दरवाज्यापाशी उतरला. वीस मिनिटांचं काम, त्यापुढे थांबायचं नाही. पाणी गढूळ, हात चाचपडते, कान बंद. जाळीत हात घालताना मनगट पोलादी दोराला घासत होतं. वरच्या माणसाने वर ये म्हणून वेळेवर दोरीला हिसके दिले, ते गाळात रुतलेल्या दोरीनेच गिळले. घड्याळ वीस दाखवत होतं तेव्हा सव्वीस झाली होती. वर आला तेव्हा बोलत होता, स्वतःच्या पायांनी काठावर चढला. जादा मिनिटांत रक्तात मुरलेल्या हवेचे बुडबुडे झाले आणि तासाभरात त्यांनी काम केलं. कमरेखालचं सगळं बळ निघून गेलं, ते परत आलं नाही.

चौकशीत लिहिलं गेलं, पाणबुड्याने वेळ चुकीची वाचली. त्याने स्वतःच ते कबूल केलं. दुसरं काय झालं असणार?

दवाखान्यात त्याच्या वस्तू एका पिशवीत दिल्या. दादाने घड्याळ हातात घेतलं, अंगठ्याने कडं उजवीकडे दाबलं. ते सरकलं. घर, घर, घर. त्याने ते पिशवीत परत ठेवलं आणि पिशवी बहिणीला दिली. त्या गोष्टीला आठ महिने झाले होते.

“गेल्या वर्षीचा तो नमुना,” दादाने आता बाईला विचारलं, “तो दोष विक्रीच्या आधी काढला होता का?”

“काढलाच असेल की,” ती म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायचं असतं हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या घड्याळाला त्याने हात लावला नाही. वही मिटली, मोजा मेजावर ठेवला आणि उठला. टकलूने विचारलं, काय रे, पोटात दुखतंय का? दादा हो म्हणाला.

बहिणीचं घर तीन मजले वर होतं. भर दुपारी तो दम लागेपर्यंत जिना चढला. बहिणीने दार उघडलं आणि काही बोलायच्या आत ओठावर बोट ठेवलं. आतल्या खोलीत खिडकीपाशी पलंग, पलंगावर छताच्या कडीला बांधलेला पट्टा, त्याला धरून उठायचा. खाली लघवीचं भांडं कापडाने झाकलेलं. चाकाच्या खुर्चीत मेहुणा डोळे मिटून बसला होता. मनगट उघडं होतं. ओठ किंचित हलत होते.

बहिणीने हळूच सांगितलं, रोज हेच. तेच घड्याळ तिच्याकडे देतो, डोळे मिटतो, मनातल्या मनात वीस मिनिटं मोजतो आणि हात वर करतो. ती घड्याळात बघून सांगते किती झाली. आधी दिवसातून एकदा होतं, आता चारदा.

मेहुण्याने हात वर केला.

“एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद,” बहीण म्हणाली.

त्याने डोळे उघडले, दादा दिसताच हसला. “या दादा. बघा, वीस सेकंदांचा फरक. काल अकराचा होता.” मग हसू तसंच ठेवून म्हणाला, “अर्ध्या मिनिटाच्या वर माझं कधी चुकत नाही. मग त्या दिवशी सहा मिनिटं गेली कुठे? तेवढं सापडलं ना, तर बाकी काही मागणार नाही मी.”

बहीण चहाचं पाणी गॅसवर ठेवून आली आणि कप काढायला वळली. दादा म्हणाला, “छोटी, थांब. तूही ऐक.”

त्याने सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, कारण बस असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं आणि स्वतःहून बसवेना. मेज सांगितलं, बाई सांगितली, नमुन्याचा नियम सांगितला. सांगताना तो नियम त्याच्या तोंडात पहिल्यांदाच इतका लहान वाटला. मग बहिणीच्या हातातलं घड्याळ घेतलं आणि कडं उजवीकडे दाबून मेहुण्याच्या डोळ्यांसमोर धरलं. सहा घरं. एवढीशी जागा.

मेहुण्याने घड्याळ घेतलं. स्वतः दाबून बघितलं, पुन्हा डावीकडे आणलं, पुन्हा दाबलं. इतके महिने ते रोज हाताळत होता, पण उजवीकडे ढकलायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. उजवीकडे ते फिरतच नसतं, हे त्याला शिकवलेलं होतं. श्वास कसा घ्यायचा हे जसं शिकवलं होतं, तसंच.

“तेव्हा तुमच्या बोटाला लागलं होतं?” त्याने विचारलं.

“हो.”

“किती वेळा फिरवून बघितलं?”

“तीनदा.”

“तिन्ही वेळा मागे आलं?”

“दोनदा.”

मेहुण्याने घड्याळ मांडीवर उलटं ठेवलं. स्वयंपाकघरात पाणी उकळून उकळून आटत असल्याचा आवाज येत होता, कुणी उठलं नाही. मग तो सावकाश म्हणाला, “दादा, इतके दिवस मी स्वतःला शिव्या घातल्या. त्यात एक सोय होती. घालणारा आणि खाणारा एकाच खुर्चीत बसलेला. आता मी कुणाकडे बघून घालू?”

“माझ्याकडे बघून.”

“तुमच्याकडे बघून जमत नाहीये,” मेहुणा म्हणाला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. पाय मात्र पायटेकूवर ठेवले होते तसेच राहिले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

बहीण इतका वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती रडली नाही. तिने एकच विचारलं, दवाखान्यात पिशवी दिलीस तेव्हा तुला कळलं होतं का. दादाने होकारार्थी मान हलवली.

“तू म्हणालास, हे जपून ठेव,” ती म्हणाली. “मी जपून ठेवलं. घरी आल्यावर मीच त्यांच्या हातात दिलं. रोज मीच वेळ सांगतेय.”

दादा म्हणाला, तो लिहिणार आहे. उद्याच्या उद्या. नमुन्याचं, गेल्या वर्षीच्या वाक्याचं, सगळं. संपादकाने छापलं नाही तर दुसरीकडे देईल, तिथे नाही तर कागदावर छापून दुकानादुकानात वाटेल. मेहुण्याने उलट्या हाताने चेहरा पुसला आणि ते घड्याळ त्याच्यापुढे केलं.

“लिहा,” तो म्हणाला. “हे घेऊन जा, दाखवायला लागेल. आणि माझं नाव घालू नका. तुमचं घाला, मोठं घाला. अजून किती जण हे बांधून उतरतायत ते देवाला ठाऊक.”

“लिहिलं की आधी तुम्हाला आणून दाखवतो.”

“पाठव,” बहीण म्हणाली. “आणू नकोस.”

मेहुण्याने तिच्याकडे बघितलं. खिडकीकडे तोंड वळवलं. घड्याळाखालची मनगटावरची कातडी पांढरी पडली होती, ती तो दुसऱ्या हाताने चोळत राहिला.

दादाने घड्याळ खिशात घातलं. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, भांडं करपायला आलं होतं. परत येऊन चपला घातल्या. बहीण दारापर्यंत आली, लहानपणापासून यायची तशीच, एक हात कडीवर ठेवून. तो सवयीने म्हणाला, “येतो.”

ती ‘ये’ म्हणाली नाही. तो दोन पायऱ्या उतरला, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

“खाली बघून उतर. वळणावरची तिसरी पायरी हलतेय, अजून कुणी नीट केली नाही.”

मग दार लागलं. त्याने भिंत धरली आणि तिसऱ्या पायरीवर जपून पाय ठेवला. ती हलत होती.