मिस्त्रींचा स्वेटर आणि माझी मोटर

मी एक जुने घासकाम यंत्र आहे. माझ्या रुळावर ताठ ब्रश आहेत आणि ब्रशांना पॉलिशपेपरच्या पट्ट्या. दाराच्या नक्षीत माणसाचे बोट पोहोचत नाही, तिथे मी पोहोचते. मित्रांनो, बारा वर्षे मी मिस्त्रींची दारे घासली. "हात फिरवून बघा, लोणी आहे," असे ते गिऱ्हाइकाला सांगत, तेव्हा मला फार बरे वाटे.

यंदाच्या थंडीत मात्र माझे ग्रह फिरले. अर्धा तास चालले की माझी मोटर तापे आणि आपोआप बंद पडे. मिस्त्रींनी पट्टा बदलला, बेअरिंगला ग्रीस लावले. शेवटी मोटर वाइंडिंगवाल्याकडे नेली. तिथे ती दिवसभर गुणगुणत फिरली.

"मोटर ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"तुमच्याकडे शहाण्यासारखी वागते. नखरे फक्त माझ्याकडे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडला. मला खरे कारण ठाऊक होते, पण तोंड नव्हते. भंगाराच्या नुसत्या नावाने माझे ब्रश गळायची वेळ आली.

भंगारवाला यायच्या दिवशी वाइंडिंगवाला शेवटचे पाहून जायला सकाळीच आला. मिस्त्रींनी मला सुरू केले. "बघाच आता, अर्ध्या तासात मान टाकेल."

दोघे स्टुलावर बसून राहिले. अर्धा तास झाला, तास झाला. मी चालतच होते. मिस्त्री चक्क खट्टू झाले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी आल्या. "कोपर शिवलंय, घ्या," म्हणत त्यांनी स्वेटर दिला. मिस्त्रींनी तो सवयीने माझ्या मोटरच्या मागच्या जाळीवर टाकला. घरी जाताना तो उबदार मिळावा म्हणून यंदा थंडीभर ते हेच करत. जाळीमागे माझा पंखा आहे. मोटर थंड ठेवणारा वारा तो तिथूनच घेतो. आता तिथे लोकर चिकटली. माझा जीव गुदमरला आणि थोड्या वेळात मी बंद पडले.

वाइंडिंगवाल्याने दोन बोटांनी स्वेटर उचलला. "मिस्त्री, हा तुमचा बिघाड."

"मी विणलाय तो," पत्नी म्हणाल्या.

 मग मिस्त्रींनी मुकाट्याने भिंतीत एक खिळा ठोकला, त्यावर स्वेटर अडकवला आणि भंगारवाल्याला फोन लावला. "येऊ नका. यंत्र बरं आहे. माझंच जरा..." पुढचे ते पुटपुटले.

मित्रांनो, तुमचे एखादे यंत्र अडून बसले, तर त्याला नावे ठेवण्याआधी एवढे करा. त्याच्या अंगावर तुमचे काय टाकले आहे, ते आधी उचला. आम्हाला सांगता येत नाही, आणि आम्हाला थंडीही वाजत नाही.