चेनचा डाग

तिने नवऱ्याच्या पँटची उजवी मोहरी उजेडात धरली आणि पुन्हा निरखून पाहिली. डाग नव्हता.

तिच्या वडिलांनी जन्मभर सायकल दामटली होती. चेनचं काळं वंगण उजव्या पायालाच लागतं आणि घासघासूनही जात नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. नवरा तर वाहतूक कचेरीतला अधिकारी. ‘कामावर सायकलने चला’ ही मोहीम त्याचीच. दोन महिने तो भल्या सकाळी सायकल घेऊन बाहेर पडत होता. लोक त्याला सायकलसाहेब म्हणू लागले होते. मोहरी मात्र कोरी करकरीत, आणि बुटांच्या टाचा पार झिजलेल्या. सायकलवाल्याचे बूट असे झिजतात होय? पाणी कुठेतरी मुरत होतं. सायकल बाजूला लावून हा माणूस कुणाबरोबर पायी भटकतो, एवढंच कळायचं राहिलं होतं. तिला घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या मागोमाग निघाली. गल्लीत पोरं आडवी येतात म्हणून तो कोपऱ्यापर्यंत सायकल हातात धरून नेई. कोपरा गेला, दवाखाना गेला, पूल आला, तरी तो चालतच होता. बाजूने माणसं सायकलवरून भराभर कामाला निघाली होती, पुष्कळशी त्याच्याच सांगण्यावरून. कुणी ओळखीचं दिसलं की तो वाकून चेन बघितल्यासारखं करी. एक नर्स थांबलीच.

“साहेब, चेन पडली का?”

“हो ना. तुम्ही व्हा पुढे, उशीर होईल.”

कचेरीच्या फाटकाशी त्याने घाम पुसला, उगाच घंटी वाजवली आणि आत गेला. वाटेत बाई नाही, बुवा नाही. तिला आधी हसू फुटलं. मग चौकातल्या फलकावरचा त्याचा फोटो आठवला. त्यातही तो सायकलशेजारी नुसता उभा होता. आपल्या संशयाची तिला लाज वाटली, आणि त्याची फार दया आली. आपल्याला दिसलं ते उद्या आणखी कुणाला दिसलं तर, ही धास्ती घेऊनच ती घरी परतली.

सकाळी पँट चढवताना तो थबकला. उजव्या मोहरीवर काळाकुट्ट डाग होता.

“हे काय लागलं?”

“चेनचं वंगण,” डबा भरता भरता ती म्हणाली. “सायकलवाल्यांना लागतंच.”

तिच्या नखांतही तेच काळं होतं, तिकडे तो बघत राहिला.

“रविवारी लवकर उठा,” ती म्हणाली. “मैदान रिकामं असतं. मागून सीट मी धरते.”