रिकाम्या जागेची पत

हो, मीच बोलतोय. दक्षिण कोरियातल्या डेगू शहराच्या बाजारात तोंडीलावणी विकणाऱ्या ग्वाक सुन-ये बाईंचं क्रेडिट कार्ड. वजन नगण्य, मान भलताच. दर काही वर्षांनी माझं जुनं शरीर टाकून नवं येतं, खातं मात्र तेच. आत्म्याविषयी तुम्ही जे ऐकून आहात, ते कार्ड कंपन्यांनी अमलात आणलं आहे.

बाईंच्या तरुणपणी आमच्याकडे भर रस्त्यात टेबलं मांडून कार्डं वाटत. त्यांच्या मावशीने चार घेतली, एकाचं देणं दुसऱ्याने भागवलं आणि शेवटी घर गमावलं. तेव्हापासून बाईंच्या पिढीत कार्डाची लहान मर्यादा हे शीलाचं लक्षण ठरलं. माझी मर्यादा त्यांनी मुद्दाम दहा लाख वॉनवर, म्हणजे तुमच्या साठेक हजार रुपयांवर, आणून ठेवली. 'वाढवू का?' असा कंपनीचा निरोप आला की त्या फोनलाच झापायच्या, "एकदा नको म्हटलं ना! लाज कशी वाटत नाही?"

मुळे, तीळतेल, सुकी मासळी, सगळी खरेदी माझ्यावर. महागाई वाढली तसा मी दर महिन्याला गळ्यापर्यंत भरू लागलो. पण बिलाची तारीख बाईंनी कधी चुकवली नाही. त्याचा त्यांना कोण अभिमान!

मग घरमालकाने अनामत वाढवली. आमच्याकडे महिन्याच्या भाड्याऐवजी एकरकमी मोठी अनामत देऊन राहण्याची रीत आहे, आणि ती रक्कम बहुतेकांना बँकच कर्जाऊ देते. वसंत संपेपर्यंत पैसे भरा, नाहीतर घर सोडा. बाई ऐटीत बँकेत गेल्या. तिथल्या कर्ज विभागातल्या प्योबाईंनी संगणकाच्या पडद्याकडे पाहून मान हलवली.

"काकू, तुमचा पतगुणांक कमी पडतोय."

"माझा? अहो, एक दिवस उशीर केला नाही मी आजवर!"

"तेच तर. उशीर नाही, पण दर महिन्याला मर्यादेतले साडेनऊ लाख वापरलेले दिसतात. मोजणाऱ्याला वाटतं, या बाईंची ओढाताण चाललीय."

"ओढाताण कसली? मीच मर्यादा कमी करून घेतलीय. संयम म्हणून!"

"यंत्राला संयम दिसत नाही, काकू. वापर आणि मर्यादा एवढंच दिसतं. हाच खर्च मोठ्या मर्यादेत केला असता तर गुणांक एवढा उतरला नसता."

बाई लालबुंद झाल्या. मला पर्समधून काढून म्हणाल्या, "मग बंदच करून टाका हे!"

प्योबाईंनी घाईने हात आडवा केला.

"अहो, नका! हे तुमचं सगळ्यात जुनं खातं. इतकी वर्षं वेळेवर फेडल्याची साक्ष तेच देतंय. मर्यादा वाढवून घ्या, आणि बिलाची वाट न पाहता मधूनमधून भरत चला."

मग मावशीचं नाव पुटपुटत बाईंनी मर्यादा पन्नास लाखांवर नेली. सही करताना चेहरा असा, जणू नवऱ्याला जुगाराच्या अड्ड्यावर पोचवायला निघाल्या आहेत.

ही बातमी शेजारच्या मासेवाल्या बोंग-जाला कळली. "अगं ताई, आता काय, श्रीमंत झालीस! किमचीचं लोणचं ठेवायला नवा फ्रिज घे की, दोन दारांचा."

"मर्यादा वाढलीय बोंग-जा, मिळकत नाही."

"बघायला तरी चल!"

"तू बघ. मला बघितलं की घ्यावंसं वाटतं."

त्या गेल्या नाहीत. रोज दुकान बंद करताना दिवसाची खरेदी फोनवरून लगेच फेडू लागल्या. हिवाळा संपला. गुणांक सरकारी फाइलीसारखा सरकत होता, पण सरकत होता. बाई तो दर महिन्याला बघायच्या, ओठ घट्ट मिटायच्या आणि पुन्हा मुळे चिरायला घ्यायच्या.

गेल्या मंगळवारी कर्ज मंजूर झालं. घर राहिलं.

"आता तरी मर्यादा पुन्हा खाली आण, ताई," बोंग-जा म्हणाली. "एवढी मोकळी जागा बघून मलाच भीती वाटते."

बाई हसल्या. "घर मोठं असलं म्हणून कोणी सगळ्या खोल्यांत एकदम झोपतं का?"

तर सध्या मी बहुतांशी रिकामा असतो, आणि आयुष्यात इतका प्रतिष्ठित कधीच नव्हतो. तुमच्या पाकिटातही माझा एखादा भाऊबंद गुदमरत असेल. त्याला तोडू नका, फुगवूही नका. थोडी जागा तेवढी सोडा. आता बोलणं पुरे; बाईंना तीळतेल घ्यायचं आहे.