एकसष्टपैकी नऊ वेळा

हौशी संशोधक ही जमात दुरुस्तीवाल्याला लांबूनच ओळखू येते. दुकानाची पायरी चढताना त्यांच्या हातात बंद पडलेली वस्तू नसते, कधी चालूच न झालेली असते. टाळी वाजवली की लागणारा पंखा, जो शेजारी मिक्सर सुरू झाला तरी लागतो. कुंडीतली माती सुकली की ओरडणारी डबी, जी पाणी घातल्यावरही ओरडत राहते. आणि वस्तू काउंटरवर ठेवताना प्रत्येकाचं वाक्य एकच: "तत्त्व बरोबर आहे, फक्त कुठेतरी किरकोळ अडतंय."

दुरुस्तीवाला सव्वीस वर्षं टीव्ही, इन्व्हर्टर आणि वॉशिंग मशिनची सर्किटं दुरुस्त करत होता. असल्या डब्यांना तो बोटही लावत नसे. "आमच्याकडे बिघडलेलं दुरुस्त होतं," तो सांगे, "जन्मजात नाही."

नशिबाचा खेळ असा, की याच जमातीतला एक नमुना त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

भाऊजी विमा कचेरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सोल्डरिंगचं सामान आणलं. दर रविवारी एका शाळेच्या रिकाम्या वर्गात हौशी मंडळी जमत. एकाने आणलेली वस्तू बाकीचे तोंड भरून वाखाणत, कारण पुढच्या रविवारी त्यांनाही काहीतरी आणायचं असे. उधारीवर चालणारं ते कौतुक ऐकून भाऊजी हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरलेच नाहीत. पेन्शन देणाऱ्या कचेरीत अर्ज भरतानाही व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'संशोधक' लिहिलं होतं.

पाच महिन्यांपूर्वी ताईला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डावा हात आणि डावा पाय शाबूत राहिले. काही हवं असलं की ती स्टीलचं भांडं खाटेवर आपटायची. त्या आवाजाने भाऊजींच्या कामात व्यत्यय यायचा. म्हणून त्यांनी भांडं उचललं आणि त्या जागी 'स्पर्शघंटा' बसवली: खाटेच्या डाव्या बाजूला पितळेची चकचकीत पट्टी, भिंतीवर डबी, आणि त्यांच्या टेबलापाशी घंटा. पट्टीला नुसतं बोट लावायचं, जोर द्यायची गरज नाही. मंडळाने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने ती वस्तू दर भेटीत पाहिली होती आणि दर वेळी तिच्याकडे पाठ करून बसला होता.

गुरुवारी दुपारी भाऊजींचा फोन आला. "जरा येऊन जा. तुझी सही हवी आहे."

तो गेला. दारात चपला काढल्या, आत आला. ताई उताणी पडून होती. खाटेच्या कडेला आता लोखंडी कठडा लावलेला होता. टेबलावर वायरींच्या पसाऱ्यात छापील फॉर्म ठेवला होता. गावाबाहेरच्या देखभाल केंद्राचा, त्यातही समज गेलेल्या रुग्णांच्या विभागाचा. त्या विभागाच्या दाराला बाहेरून कडी असते, भेट पंधरा दिवसांतून एकदा आणि व्यायाम शिकवणारी बाई तिथे येत नाही, कारण शिकवून उपयोग नसतो असं धरून चालतात. नवऱ्याची सही झाली होती. माहेरच्या माणसाच्या सहीची जागा कोरी होती.

"तिला सगळं कळतं, भाऊजी."

"मलाही तसंच वाटायचं. पण मी वाटण्यावर जात नाही." भाऊजींनी एक वही पुढे सरकवली. "नोंदी आहेत. तारीख, वेळ, सगळं. एकसष्ट वेळा तिला गरज होती. पाणी हवं होतं, चादर ओली होती, काहीही. त्यातून तिने घंटा किती वेळा दिली? नऊ. शेवटच्या महिन्यात एकदाही नाही. पट्टी हाताशी आहे. बोट लावायचं, बस्स. एवढंही समजत नसेल तर काय म्हणायचं?"

"घंटा बिघडली असेल."

भाऊजी हसले. लहान मुलाने तारे किती असं विचारलं तर मोठी माणसं जशी हसतात, तसं. "चल, बघ."

त्यांनी पट्टीला बोट लावलं. घंटा वाजली. "तू लाव." दुरुस्तीवाल्याने लावलं. वाजली. "रोज सकाळी तपासतो. शंभरदा लावून बघ, शंभरदा वाजेल. आता तिला सांग."

"ताई, बोट लाव."

ताईने भावाकडे पाहिलं आणि पट्टीवर बोट ठेवलं. घरात शांतता.

"नीट लावत नाही," भाऊजी म्हणाले. "तेच म्हणतोय मी. मेंदूचं आणि हाताचं नातं तुटलंय." नाचणारीला खाटेला खिळवून वर अंगण सरळच आहे म्हणणारा हा माणूस वही उघडून आजची नोंद करायला लागला. बासष्ट.

ताईने भावाचं मनगट पकडलं. पकड अशी, की त्याला खाली बसावंच लागलं. कठडा खाली करून तो खाटेच्या कडेवर टेकला. तिने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. त्याला कळेना. तिने पुन्हा मारली, खालून वर. त्याने तो पाय उचलून खाटेवर घेतला. मग दुसऱ्या गुडघ्यावर चापट. तोही पाय वर आला आणि तो मांडी घालून बसला. तिने त्याचं बोट धरलं आणि पट्टीवर दाबलं.

घंटा वाजली नाही.

बोट तसंच धरून तिने डाव्या पायाने त्याचा एक गुडघा खाली ढकलला. तळवा फरशीला टेकला आणि घंटा खणखणली. पाय वर, बंद. पाय खाली, चालू. तीनदा करून दाखवलं. दुकानात तो बिघाड असाच शोधायचा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

त्याला आता डबीचं झाकणही उघडायची गरज नव्हती. विजेला यायला वाट लागते तशी परत जायलाही लागते. इथे परतीची वाट होती माणसाचं अंग, अनवाणी पाय आणि फरशी. फरशीवर उभा असेल त्याची घंटा वाजणार. लाकडी खाट, फोमची गादी, वर रबरी कापड, त्यावर झोपलेल्या माणसाची कधीच नाही. आजाऱ्यासाठी केलेली ही घंटा फक्त निरोग्याला वाजवता येत होती.

"ती वही द्या."

त्याने नऊ नोंदी शोधल्या. अक्षर सुरेख होतं, विमा कचेरीतलं. 'घंटा वाजली. रुग्णाचा डावा पाय खाटेखाली. उतरून जाण्याचा प्रयत्न.' पुढची: 'घंटा वाजली. पुन्हा पाय खाली. भ्रम वाढतो आहे.' नऊच्या नऊ तशाच. नवव्या नोंदीखाली लाल शाईत: 'सुरक्षेसाठी कठडा बसवला.' त्यानंतर शून्य.

"भाऊजी, हे तुम्ही लिहिलंत. परत वाचलंत कधी?"

"का?"

"घंटा वाजवायला पाय फरशीला लागतो, हे तिने शोधून काढलं. पडल्या पडल्या. तुम्ही तिला कठडा लावलात."

भाऊजींनी वही घेतली, वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. दुरुस्तीवाला वाट पाहत होता. निदान खाटेकडे तरी बघतील असं त्याला वाटलं.

"म्हणजे तत्त्व बरोबर आहे," भाऊजी म्हणाले.

यावर बोलण्यासारखे पुष्कळ शब्द दुरुस्तीवाल्याच्या जिभेवर आले. पण ताई त्याच्याकडेच बघत होती. गेले तीन महिने तो आला की ती त्याचा हात धरून फरशीकडे बोट दाखवायची. तिला उतरून माहेरी यायचंय, असं समजून तो म्हणायचा, "नेईन हं, बरी झालीस की नेईन." पितळेच्या पट्टीकडे त्याने दोन मिनिटं पाहिलं असतं तरी पुरलं असतं. भाऊजींच्या खेळण्याला हात लावणं कमीपणाचं वाटलं, म्हणून पाहिलं नाही. त्याने मान खाली घातली आणि स्कूटरच्या डिकीतून पेटी आणायला गेला.

पेटीत दारावरच्या बेलचं साधं बटण होतं. त्याने डबी काढली, पट्टी उखडली, दोन वायरी जोडल्या आणि बटण खाटेच्या लाकडात ताईच्या हाताखाली बसवलं. वीस मिनिटं लागली.

"हे बटण आहे," भाऊजी म्हणाले.

"हो."

"यात संशोधन काय? हे तर कोणीही केलं असतं."

"कोणीही केलं नाही, भाऊजी."

पण भाऊजींचं लक्ष उडालं होतं. ते टेबलापाशी जाऊन बसले होते. हाताला कोरा कागद लागेना, म्हणून त्यांनी समोरचा उलटा करून घेतला आणि फूटपट्टीने रेघा मारायला लागले. "दोन पट्ट्या हव्यात. शेजारी शेजारी. बोट दोन्हींना लागलं पाहिजे. मग फरशीची गरजच नाही. येत्या रविवारी दाखवता येईल. बघ, नमुना क्रमांक दोन." दुरुस्तीवाल्याने वाकून कागदाची कड उचलून पाहिली. देखभाल केंद्राचा फॉर्म होता. शाई पातळ कागदातून पलीकडे उतरली होती आणि सह्यांच्या दोन्ही रकान्यांवर जाड काळी रेघ दिसत होती. त्याने कड सोडली आणि पेटी बंद केली. चूक दाखवायची वेळ कुठली, एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं.

खाटेवरून घंटा वाजली.

"एक मिनिट," भाऊजी म्हणाले आणि रेघ पुढे नेली.

घंटा पुन्हा वाजली, जरा लांब.

"अगं, हो. कळलं, चालतंय ते."

मग ती थांबलीच नाही. भाऊजींनी पेन खाली ठेवलं, मग कानावर हात ठेवले, मग उठले आणि खाटेपाशी जाऊन उभे राहिले. "आलो ना. काय हवंय? पाणी? चादर? मी इथेच आहे, आता कशाला दाबतेस?"

ताईने नवऱ्यावर नजर रोखली आणि बटणावरचं बोट काढलं नाही.