मुक्ताबाईचं अर्धं तिकीट

मुक्ताबाई सासरी आली ती बहात्तरच्या दुष्काळात. हळदीचे हात वाळायच्या आत तिच्या हाती हातोडा आला. गावापासून डांबरी सडकेपर्यंतच्या रस्त्याची खडी तिनं सासूशेजारी बसून फोडली. पुढे त्याच रस्त्यानं मुक्कामी गाडी आली. दिवस बुडताना यायची, रात्रभर मारुतीपुढं थांबायची आणि उजाडलं की तालुक्याला निघायची. डायवर-कंडक्टरला घरोघरच्या पाळीनं जेवायला घालायचं, ही गावाची रीत. हळूहळू पाळ्या सुटल्या. कुणी ऊसतोडीला गेलं, कुणाच्या सुना कुरकुरल्या. मुक्ताबाईची चूल तेवढी टिकली. पिठलं-भाकरी वाढताना तिला वाटायचं, एवढी मोठी गाडी, पण येते आपल्या दाराला.

आणि तिकिटावाचून ती कधी गाडीत बसली नाही. नवी नवरी असताना पैसे कमी पडले म्हणून सडकेवरच्या भर बाजाराच्या गाडीतून तिला उतरवलं होतं. 'फुकटी' म्हणून कुणीतरी हसलं होतं. तो शब्द तिच्या पायात मोडलेल्या काट्यासारखा राहिला तो राहिलाच. बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हासुद्धा तिला थोडं चोरट्यासारखं वाटलं होतं.

यंदा वरून हुकूम आला, खर्च कमी करा. भारमान नाही म्हणून मुक्कामी गाड्या बंद करायच्या. भारमान म्हणजे गाडीत माणसं किती ते. ती मोजली मार्गशीर्षात, अर्धं गाव कोयते घेऊन कारखान्यांवर गेलेलं असताना. गाड्या गेल्या की कंडक्टरही जास्तीचे ठरणार होते.

कंडक्टर आदिनाथ देवळाली प्रवऱ्याचा. मुक्ताबाईच्या चुलीपुढं जेवता जेवता त्यानं डेपोतल्या माणसांनी ठरवलेलं सांगितलं. मागच्या संपात गाड्या उभ्या राहिल्या, हाल लोकांचे झाले आणि शिव्या कामगारांना बसल्या. पुढारी होता, तो एका बैठकीत फुटला. म्हणून या खेपेला पुढारीच नाही. संपही नाही. गाडी वेळेवर चालवायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात धरून चढवायचं, फक्त पैसे घ्यायचे नाहीत आणि तिकीट फाडायचं नाही. वरच्यांना झळ लागेल, लोकांना लागणार नाही.

देवळापुढं गाव बसलं. तपासणीवाले आले तर ज्यानं त्यानं एकच बोलायचं, मी तिकीट मागितलं नाही आणि घेणार नाही. सगळी गाडी तेच म्हणाली तर धरणार कुणाला? मारुतीच्या पायरीला हात लावून सगळ्यांनी कबूल केलं. मुक्ताबाईनंही केलं.

सोमवारी ती केडगावला लेकीकडं निघाली. गाडीत बसल्या बसल्या हात सवयीनं कनवटीला गेला. आदिनाथनं हात जोडले.

"मावशी, ह्यो रस्ता तुमीच फोडला. तुमाला कसलं तिकीट?"

गाडी हसली. शेजारची रंगुबाई म्हणाली, राहू दे गं, त्या पैशाचे पेढे खाऊ. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मुक्ताबाईला ते जुनं हसू ऐकू आलं. मधल्या थांब्यावर आदिनाथ वाकून कुणाचं पोतं वर ओढत होता, तेव्हा तिनं घडी घातलेल्या नोटा त्याच्या उघड्या कातडी बॅगेत सरकवल्या आणि पदर सावरून बसली. तिला हलकं वाटलं.

फाट्यावर जीप आडवी आली. तपासणीचा साहेब चढला, पहिल्या बाकापासून विचारत निघाला. जो तो ठरलेलं बोलला. रंगुबाईनं तर उलट विचारलं, "साहेब, तुमी काढलंय का तिकीट?" डायवर बिभीषणसुद्धा आरशात बघून हसला. साहेबाचा चेहरा पडला. तसाच तो मुक्ताबाईपाशी आला.

"काय आजी, या वयात फुकट फिरता?"

"फुकट न्हाई," ती ताडकन उठून म्हणाली. "मी पैसे दिलेत. इचारा त्याला."

साहेबानं बॅग बाकावर उपडी केली. आदल्या दिवशी गाडी घेऊन निघताना आदिनाथनं बॅगेत एक पैसाही नाही असं डेपोत सांगितलेलं, आणि बाकावर तर नोटा पडलेल्या. तिकीट न फाडणं हे आंदोलन, एकवेळ भांडता येतं. पैसे घेऊन तिकीट न फाडणं ही चोरी.

मुक्ताबाईच्या ध्यानात आलं तशी ती साहेबापुढं झाली. मीच गुपचूप टाकले, त्याला ठाऊक न्हाई, असं ती म्हणाली. साहेब शांतपणे म्हणाला, "आत्ताच दिले म्हणालात ना?"

तिनं आदिनाथकडं पाहिलं. तो ओरडेल तर बरं, असं तिला झालं.

"मावशी, खाली बसा," तो म्हणाला. "गाडी हलली तर पडाल."

दोन दिवसांत आदिनाथ निलंबित होऊन घरी बसला. हक्कासाठी उभा राहिलेल्यामागं डेपो उभा राहिला असता, चोरीचा शिक्का बसलेल्यामागं उभं राहायला जो तो बिचकला. कितीक कंडक्टरांनी गपगुमान पुन्हा तिकिटं फाडायला सुरुवात केली. या गाडीवर गहिनीनाथ म्हणून नवा कंडक्टर आला, तो मात्र ठरलेलं पाळत होता. मुक्ताबाईनं सांजच्याला भाकरी थापल्या, निरोप पाठवला. गहिनीनाथ आणि बिभीषण देवळाच्या पायरीवर बसून आपापला डबा खात होते. भाकरी सकाळी गायीपुढं गेल्या.

त्याच सकाळी ती डेपोत सांगायला निघाली. ऐकणारं कुणी असो नसो, पैसे आपण टाकले एवढं चारचौघांत बोलायचं होतं. तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. गहिनीनाथ पुढून मागं येत होता, प्रत्येकाला हात जोडत. तिच्यापाशी थांबला. त्यानं मशीन काढलं, बटणं दाबली आणि एक अर्धं तिकीट फाडून तिच्यापुढं धरलं. दुसऱ्या हाताचा तळवा उघडा.

तिनं पैसे दिले. लोक खिडकीबाहेर बघत होते. तिकीट बांगडीत खोवायची तिची जन्माची सवय. तिनं ते मुठीत आवळलं. फाट्याला रंगुबाई उतरली, उतरताना तिच्याकडं न बघता म्हणाली, "सांभाळ गं तिकीट."